पावणेआठ इंचांची नळी

हॉब्स साहेबांना मी कधी पाहिले नाही. ते उंच होते की बुटके, त्यांना मिशा होत्या की नव्हत्या, मला काही ठाऊक नाही. अमेरिकेतल्या एका बंदुकांच्या कारखान्यात मागणीपत्रांच्या टेबलावर ते बसत आणि त्यांची अक्षरे उजवीकडे कललेली असत, एवढीच माझी माहिती. त्यांची दोन पत्रे मी वाचली आणि जपून ठेवली. तरीही या जन्मी सर्वांत जास्त उपकार कुणाचे, असे मला कुणी विचारले तर माझ्या तोंडून पहिले नाव त्यांचेच निघते. मुले हसतात. धाकटी सून तर रागावते, "बाबा, आधी आजोबांचं नाव घ्या ना!" आजोबांचे नाव येणारच आहे. ते मला नीट घेता यावे, हाच तर हॉब्स साहेबांचा उपकार.

आम्ही ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, शिंदे की छावणीत राहत होतो. पुढे सरदारांची हवेली, मागे नोकरमाणसांच्या खोल्यांची रांग, आणि दोन्हींच्या मधे शिलेखाना, म्हणजे हत्यारांची खोली. तिथल्या भिंतीवर चाळीसएक बंदुका होत्या. त्यांची निगा माझे वडील राखत. त्यांना आम्ही दादा म्हणत असू. आमचे पूर्वज दख्खनेतून शिंद्यांच्या फौजेबरोबर आले ते शिपाईगिरी करत. लढाया संपल्या तेव्हा हातातली तलवार गेली आणि तेलाची चिंधी आली. दादांना त्याचे वाईट वाटत नसे. रोज सकाळी हनुमानाला नमस्कार करावा तसा ते एकेका बंदुकीला हात लावत. गजाला चिंधी गुंडाळून तो नळीतून फिरवला की कुईकुई आवाज येई, आणि अजूनही कुठे हातपंपाचा दांडा तसा वाजला की मला दादांच्या अंगाचा वास येतो. बंदुकीच्या लाकडाला चोळायचे जवसाचे तेल आणि आईच्या फोडणीचे तेल एकसारख्याच बाटल्यांत असत. एकदा अदलाबदल झाली. दुनळी बंदुकीला आठवडाभर मुंग्या लागत होत्या आणि आम्ही आमटी खाऊन एकमेकांकडे बघत होतो.

सणाच्या दिवशी पुरण व्हायचेच, पण आमच्या घरची खरी चैन म्हणजे सकाळची बेडई, डाळ भरलेली खुसखुशीत पुरी. दादा हलवायाकडून द्रोणात गरम बेडई, बटाट्याची तिखट भाजी आणि वर दोन जिलब्या आणत. आई म्हणे, "रोज रोज बाहेरचं खाऊन राहिलात, घरी काय चूल नाही?" आणि दोन बेडया बाजूला काढून ठेवी. बोलणे आमचे असेच, मराठीच्या गाडीला हिंदीचा बैल जुंपलेला. पुण्याचे पाहुणे आले की हसत. मी गोरखीतल्या शाळेतून मॅट्रिक झालो तेव्हा आमच्या रांगेतल्या चौदा खोल्यांत इंग्रजी वाचता येणारा मी एकटा होतो. साबणाच्या वेष्टनापासून औषधाच्या बाटलीपर्यंत सगळे लोक माझ्याकडून वाचून घेत. एका बाटलीवर 'हलवून घ्या' असे लिहिले होते, तर शेजारचे काका औषध घेऊन स्वतःच उड्या मारू लागले. ते मात्र माझ्या इंग्रजीमुळे नव्हे, काकांच्या उत्साहामुळे.

आक्कासाहेब या सरदारांच्या थोरल्या भगिनी. लहान वयात वैधव्य आले आणि त्या माहेरी परतल्या. सरदार बहुतेक काळ दरबाराबरोबर शिवपुरीला असत, त्यामुळे हवेली चालवत त्या. त्यांचा नेम असा की उडवलेले लिंबू खाली पडताना फोडत. पण घोड्यावरून पडून त्यांचा डावा खांदा निखळला, तो पुन्हा धड बसला नाही. रायफल पेलायला दोन्ही हात लागतात. वर्षभर त्या शिलेखान्यात येत, रायफलींकडे बघत आणि निघून जात. मग एक दिवस हातात विलायती सचित्र मासिक घेऊन त्या जवळजवळ धावतच आल्या.

"रावजी, हे बघा! या अमेरिकन माणसानं पिस्तुलानं बारशिंग्याएवढं जनावर पाडलंय. पिस्तुलानं!"

दादांनी चित्र लांब धरून पाहिले. "छापणारे काहीही छापतात जी."

"मार्तंड, वाच. काय लिहिलंय?"

मी वाचले. रिव्हॉल्वर होते आणि त्याच्या नावात 'मॅग्नम' असा शब्द होता. तो ऐकताच दादा उठले आणि भिंतीवरच्या सगळ्यांत दांडग्या रायफलीवर त्यांनी थाप मारली. "मॅग्नम ही! वाघाची. नळीवर तो शब्द कोरलाय, मीच तर घासतो त्याला रोज. रिव्हॉल्वर मॅग्नम कशी होणार? शेळीवर हत्तीचा हौदा चढवून राहिलेत हे लोक."

पण आक्कासाहेबांच्या डोळ्यांत वर्षभरात पहिल्यांदा चमक आली होती. एका हाताने चालणारे आणि रायफलीच्या जवळपास जाणारे काहीतरी जगात निघाले होते. मी मुंबईच्या एका व्यापाऱ्याला पत्र टाकले आणि तिकडून माहितीपत्रक आणि मागणीचा फॉर्म आला. ते माहितीपत्रक मी किती वेळा वाचले असेन! शाळेत इतिहास म्हणजे राजे आणि तह. इथे एका काडतुसाचा इतिहास होता आणि तो मला कुठल्याही तहापेक्षा रंगतदार वाटला. अमेरिकेत दरोडेखोर मोटारींतून पळू लागले आणि पोलिसांच्या अडतीस नंबरच्या गोळ्या मोटारीच्या पत्र्यावर थकून पडू लागल्या. म्हणून कारखान्याने आधी जड सांगाड्याचे रिव्हॉल्वर केले आणि त्यासाठी त्याच काडतुसात जास्त जोराची दारू भरली. मग भीती अशी की हे जोरकस काडतूस कुणी जुन्या, नाजूक रिव्हॉल्वरमध्ये घातले तर ते हातातच फुटेल. तेव्हा त्यांनी काडतुसाची पितळी पुंगळी इंचाचा आठवा भाग लांब केली. आता ते जुन्यात जाणारच नाही, आणि जुने मात्र नव्यात खुशाल चालेल. मोठ्या दारूच्या काडतुसांना इंग्रज रायफलवाले मॅग्नम म्हणत, तो शब्द यांनी उचलला.

"आठवा भाग म्हणजे एक सूत," दादा म्हणाले. सुतार आणि लोहार मंडळी हेच माप वापरतात. "एक सूत वाढवलं आणि मॅग्नम झाली? वा! डोकं आहे." मग मी पुढे वाचले की अडतीस नंबरची गोळी मुळात अडतीस नसतेच, मोजली तर ती इंचाच्या हजार भागांतले तीनशे सत्तावन्न भाग भरते, म्हणून नव्या काडतुसाला त्यांनी ते खरे माप नाव म्हणून दिले. दादा ताडकन उठले. "म्हणजे इतकी वर्षं मी अडतीस अडतीस म्हणून राहिलो, ती अडतीस नव्हतीच? आणि कुणी बोललं नाही?" दोन दिवस ते जो भेटेल त्याला हे सांगत सुटले. दूधवाल्यालाही सांगितले. त्याला वाटले, दादा दुधाच्या मापाबद्दल बोलताहेत. तो शपथा घेऊ लागला.

फॉर्म तर त्याहून नवलाचा होता. प्रत्येक रिव्हॉल्वर गिऱ्हाइकाच्या सांगण्याप्रमाणे वेगळे घडवले जाई. नळी साडेतीन इंचांपासून पावणेनऊ इंचांपर्यंत, पाव पाव इंचाने हवी तेवढी. टोकावरची माशी, म्हणजे नेम धरायचा उंचवटा, कोणत्या घाटाची, मूठ कशी, नेम किती यार्डांवर बसवून हवा, सगळे विचारलेले. प्रत्येकाला नोंदणीचा नंबर. हत्यारासोबत एक कार्ड येई. त्यावर मालकाने नाव लिहून परत धाडले की कारखाना प्रमाणपत्र पाठवी. शिंप्याकडे अंगरखा टाकावा तशी बंदूक!

यात कारभारी आले. बापूसाहेब कारभारी हवेलीचे दप्तर सांभाळत. गृहस्थ वाईट नव्हते, पण त्यांना नकला करायला एक हात हवा होता आणि त्यांची नजर माझ्या हातावर होती. "मॅट्रिक झाला, पुष्कळ झालं," ते आक्कासाहेबांना म्हणाले. "रावजीच्या घरात आजवर कुणी सही करत नव्हतं. आता कॉलेज कशाला? आणि याचं इंग्रजी म्हणजे साबणाच्या वेष्टनाचं."

आक्कासाहेब हसल्या. "मग परीक्षाच घेऊ. मार्तंड, फॉर्म तू भर, पत्र तू लिही. पिस्तूल मला हवं तसं आलं तर तू कॉलेजात, हवेलीकडून. नाही आलं तर कारभाऱ्यांच्या दप्तरात. मंजूर?"

मी मंजूर म्हणालो. घरी येऊन आईला करार सांगितला. तिने ऐकून घेतले आणि मला एक बेसनाचा लाडू दिला. तिच्याकडे प्रत्येक संकटावर तोच इलाज होता.

आक्कासाहेबांना नळी हवी होती शिलेखान्यातल्या जुन्या अमेरिकन अडतीसइतकीच, कारण ती त्यांच्या हातात बरोबर बसे. मोजायचे काम अर्थातच दादांचे. त्यांनी जुने रिव्हॉल्वर रिकामे केले, बंद केले, सगळ्यांत बारीक गज नळीच्या तोंडातून आत सोडला. तो टणकन थांबला तेव्हा नळीच्या तोंडाशी गजाला लाल दोरा बांधला. गज बाहेर काढला. मी माझ्या कंपासपेटीतली फूटपट्टी लावली. पावणेआठ.

"पक्कं?" मी विचारले.

"चाळीस बंदुका मोजल्यात मी अशा," दादा म्हणाले. "माझे वडील असंच मोजत, त्यांचे वडीलही. गज खोटं नाही बोलत."

मी फॉर्मवर पावणेआठ लिहिले. सोबत आक्कासाहेबांच्या नावाने तीन पानी पत्र लिहिले. एका पानात भागले असते, पण माझे पहिले इंग्रजी पत्र अमेरिकेला चालले होते. माझ्याकडे जेवढे शब्द होते तेवढे सगळे मी पाठवले. खांद्याची हकीकत लिहिली, घोड्याचा रंग लिहिला, एका हाताने धरल्यावर पुढचे वजन बाईसाहेबांना सोसत नाही हेही लिहिले. खाली 'चिटणीस' म्हणून सही केली. सही वळणदार यावी म्हणून आधी पाटीवर गिरवली होती.

पुढचे दिवस फार मजेत गेले. छोट्या गाडीची शिटी ऐकू आली की आम्हाला वाटे, आली! ती गाडी भिंडहून येई, अमेरिकेहून नव्हे, पण आनंदात भूगोल कोण पाहतो. दादांनी मोच्याकडून पट्ट्याचे म्यानही शिवून घेतले, पावणेआठच्या हिशेबाने. ते भिंतीवर टांगले तेव्हा आई म्हणाली, "यात पिस्तूल ठेवायचं की लाटणं?"

आणि एका दुपारी हवेलीच्या दारातून कारभाऱ्यांची आरोळी आली. "आक्कासाहेब! अमेरिकेनं कागदाचं पिस्तूल पाठवलं!"

आम्ही धावलो. कारभाऱ्यांच्या हातात फोडलेला लिफाफा होता आणि दुसऱ्या हातात, दोन बोटांत धरलेले, जाड तपकिरी कागदाचे कापलेले पिस्तूल. अगदी खऱ्या मापाचे, मूठ, चाक, माशी, सगळे रेखलेले. "मी आधीच म्हणत होतो, हे सगळं फसवाफसवीचं काम आहे!" त्यांचा चेहरा दुःखी होता, पण आवाज फार खूश होता. पिस्तूल हातोहात फिरले. माळ्याने ते रोखून कारभाऱ्यांच्या पगडीवर नेम धरला. आक्कासाहेबांनी हात पुढे केला, कागद मुठीत धरला आणि त्या एकदम गप्प झाल्या. "हे बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "हेच माप. पण हे पावणेआठ कुठंय? मार्तंड, पत्र वाच."

पत्र हॉब्स साहेबांचे होते. मी तिथेच मराठीत करत वाचले. त्यांनी लिहिले होते, "बाईसाहेब, पोलाद कापण्याआधी एक शंका विचारतो. फॉर्मवरची पावणेआठ इंची नळी आम्ही करू शकतो. परंतु आपल्या चिटणिसाने आपल्या खांद्याविषयी इतके सविस्तर लिहिले आहे, की एवढी लांब आणि पुढे झुकणारी नळी आपल्याला कशी चालेल, हे मला कळत नाही. मोजणाऱ्याने गज आतपर्यंत तर घातला नाही ना? रिव्हॉल्वरची नळी सहा गोळ्यांच्या फिरत्या चाकाच्या आधीच संपते. सहा इंची नळीचा आकार कागदावर कापून पाठवत आहे. हाती धरून पाहावा आणि कळवावे."

दादांनी जुने रिव्हॉल्वर आणले. गज घातला. यावेळी चाक बाजूला उघडून. गज नळीतून मागच्या बाजूला बाहेर आला. त्यांनी बोटाने नळीचा शेवट चाचपला, दोरा सरकवला. सहा. पावणेदोन इंच ते चाकातून मोजत आले होते. भिंतीवरच्या चाळीसही बंदुकांत गज जिथे टेकतो तिथेच नळी संपते. या एकाच हत्यारात संपत नाही.

"झालं," कारभारी म्हणाले. "माप चुकलं. उद्यापासून दप्तरात ये रे."

"पिस्तूल अजून आलंय कुठं?" आक्कासाहेब म्हणाल्या. "करार पिस्तुलाचा आहे, कागदाचा नाही. मार्तंड, उत्तर लिही."

ते उत्तर मी लिहिले. आता जे सांगतो ते लिहिताना, इतक्या वर्षांनी, कान गरम होतात. मला कॉलेजात जायचे होते. मला त्या कललेल्या अक्षरांच्या माणसाला वाटायला हवे होते की मी हवेलीतला कुणीतरी आहे. म्हणून मी लिहिले, "घरातल्या एका जुन्या नोकराने अडाणी देशी पद्धतीने मोजल्यामुळे ही चूक झाली, तरी क्षमस्व." वाक्य व्याकरणाने निर्दोष होते. मी ते लिहीत असताना दादा समोरच बसून म्यानाची शिवण उसवत होते, आणि मधेच त्यांनी विचारले, "माझं नाव लिहिलंस का रे? चूक माझी आहे म्हणून लिही, तुझ्यावर नको येऊ देऊस." मी म्हणालो, "लिहिलं, दादा."

रिव्हॉल्वर आले ते थंडीच्या सुरुवातीला. शिलेखान्याच्या ओट्यावर खोके उघडले. निळसर काळे पोलाद, त्यावर ऊन पडले की पाण्यावर पडल्यासारखे दिसे. आक्कासाहेबांनी उजव्या हाताने उचलले, सरळ धरले, डोळा मिटला आणि असे हसल्या की आईने दाराआडून नकळत हात जोडले. दादांनी नवे काडतूस जुन्या रिव्हॉल्वरमध्ये घालून पाहिले. एक सूत बाहेर राहिले, चाक मिटेना. "वा रे पठ्ठे!" ते ओरडले आणि तोच खेळ चारदा केला. खोक्यात दुसरे पत्र होते.

"वाच," आक्कासाहेब म्हणाल्या. "मोठ्यानं."

मी उघडले, पहिल्या दोन ओळी मनातल्या मनात वाचल्या आणि पत्र पुन्हा मिटायला लागलो. पण सगळे समोर बसलेले. मी वाचू लागलो. "बाईसाहेब, नळी सहा इंची केली आहे. आपले चिटणीस लिहितात की त्यांच्या... वडिलांनी... मोजले होते. त्यांना माझा निरोप सांगावा. त्यांची पद्धत अडाणी नाही. मागून बंद होणाऱ्या प्रत्येक बंदुकीची नळी आम्हीही गज घालूनच मोजतो. फक्त रिव्हॉल्वरला हा नियम लागत नाही. माझे वडील याच कारखान्यात जन्मभर नळ्या घासत होते. पहिले रिव्हॉल्वर हाती आले तेव्हा त्यांनीही गजच घातला होता. म्हणूनच तो आकडा पाहून मला शंका आली. त्या माणसाशी हात मिळवायला मला फार आवडेल."

दादा गुडघ्यांवर हात ठेवून पुढे वाकून ऐकत होते. असे तोंड मी त्यांचे कधी पाहिले नव्हते. आणि तेवढ्यात कारभाऱ्यांनी माझ्या खांद्यावरून पत्रात डोकावले.

"थांब, थांब. वडील कुठं लिहिलंय? हे बघा, सर्व्हंट. सर्व्हंट म्हणजे नोकर, एवढं इंग्रजी आम्हालाही येतं. ओल्ड सर्व्हंट! यानं स्वतःच्या बापाला नोकर लिहून पाठवलं अमेरिकेला!"

  आई पदराचे टोक तोंडाला लावून उभी. मी दादांकडे बघू शकत नव्हतो.

"खरं आहे का रे?" दादांनी विचारले.

मी होय म्हणून मान हलवली.

"नोकर तर मी आहेच की," दादा सावकाश म्हणाले. "आक्कासाहेबांचं मीठ खातो. त्यात खोटं काय? पण ते ओल्ड म्हणजे काय?"

"म्हातारा," मी म्हणालो.

दादा उठून उभेच राहिले. "म्हातारा? म्हातारा कुठून झालो मी? अजून दातानं सुपारी फोडतो! बंदूक खांद्याला लावून थाटीपूरपर्यंत पायी जातो! मार्तंडा, नोकर लिही, चालेल. पण परदेशात माझी अशी बदनामी?"

पहिल्यांदा आक्कासाहेब हसल्या, मग माळी, मग आई, आणि शेवटी खुद्द कारभारी पगडी सावरत हसू लागले. मी रडत होतो आणि हसतही होतो. आक्कासाहेबांनी पत्र माझ्या हातातून घेतले. "अजून खाली काहीतरी आहे. हे काय?"

मी डोळे पुसून वाचले. "ताजा कलम. आपल्या चिटणिसाने एवढे लांबलचक, प्रामाणिक पत्र लिहिले नसते तर आम्ही पावणेआठ इंचच कापले असते. पत्रातल्या उत्साहावरून तो तरुण दिसतो; शिकत असेल तर त्याचे शिक्षण थांबू देऊ नये, अशी विनंती."

"ऐकलंत कारभारी? आता तर अमेरिकेचीही शिफारस आली."

"माझ्या नकला कोण करणार?" कारभारी म्हणाले, पण त्यांचा आवाज पडला होता.

त्याच सकाळी आम्ही सगळे टांग्यात बसून थाटीपुराच्या पलीकडच्या कोरड्या नाल्यावर गेलो. दादांनी पाण्याने भरलेली सात मडकी एकामागे एक मांडली. कारभारी म्हणाले, दोन फुटतील. माळी म्हणाला, तीन. दादा म्हणाले, "एक सुताचा मान ठेवून चार." आक्कासाहेबांनी डावा हात पदरात गुंडाळला, उजवा सरळ केला आणि घोडा ओढला. तो आवाज! रायफल गरजते, हे किंचाळले. कानात घंटा वाजू लागल्या, नाल्यावरचे सगळे पोपट एकदम हवेत गेले, आणि टांग्याचा घोडा, ज्याला आम्ही विसरलोच होतो, टांग्यासह मोरारच्या दिशेने पळाला. टांग्यात न्याहारीच्या बेडयांची टोपली होती आणि टोपलीशेजारी कारभाऱ्यांनी काढून ठेवलेली पगडी. कारभारी "अरे रोको! पकडो!" करत हिंदीत धावत सुटले, घाबरले की ते मराठी पूर्ण विसरत. इकडे दादा मडकी मोजत होते. "एक, दोन, तीन, चार! चार, आक्कासाहेब!" पाचव्या मडक्याला नुसते भोक पडले होते आणि त्याच्या तळाशी गोळी सापडली, कमळासारखी उमललेली. दादांनी ती धुतली, पुसली आणि खिशात टाकली. आक्कासाहेब तिथेच ओल्या वाळूत बसून लहान मुलीसारख्या हसत होत्या. त्यानंतर त्यांनी त्या रिव्हॉल्वरने खूप शिकार केली, पण मला त्या आठवतात त्या अशा.

परत पायी येताना दादा आणि मी मागे राहिलो. ते खिशातली गोळी चाचपत चालत होते. मग म्हणाले, "ते वाक्य पुन्हा सांग. पद्धत अडाणी नाही, ते." मी सांगितले. थोड्या वेळाने पुन्हा सांगायला लावले. छावणीजवळ आल्यावर ते म्हणाले, "साहेबाला एकदा लिही. हात मिळवीन म्हणून राहिलाय, तर कोणाचा हात ते कळू दे त्याला."

मी लगेच लिहिले नाही. नोंदणीचे कार्ड भरून पाठवले, प्रमाणपत्र आले, ते शिलेखान्यात काचेत लागले. मी कॉलेजात गेलो. प्रत्येक सुट्टीत दादा विचारत, "लिहिलंस?" मी म्हणे, पास झालो की. खरे असे की ते पत्र लिहिण्याइतके इंग्रजी माझ्याकडे आहे असे मला वाटत नव्हते. शब्द होते, धीर नव्हता. निकाल लागला त्या दिवशी दादांनी जिलब्यांची परात सगळ्या रांगेत फिरवली, आणि मी बसून ते पत्र लिहिले. मूळ इंग्रजीतल्या कच्च्या प्रतीवरून ते इथे मराठीत देतो.

"प्रिय हॉब्स साहेब,

आपण मला विसरला असाल. ग्वाल्हेरच्या एका बाईसाहेबांसाठी आपण सहा इंची नळीचे मॅग्नम घडवले, त्यांचा चिटणीस मी होतो. चिटणीस असे मीच स्वतःला म्हणवले होते. त्या वेळी मी अठरा वर्षांचा होतो आणि मला कुठलेच पद नव्हते. रिव्हॉल्वर उत्तम आहे. बाईसाहेब आपणांस नमस्कार सांगतात.

मी आपल्याला एक चुकीची माहिती दिली होती, ती दुरुस्त करतो. नळी मोजणारा माणूस घरातला जुना नोकर आहे, असे मी लिहिले होते. ते माझे वडील आहेत. आपण त्यांच्याशी हात मिळवायची इच्छा दाखवलीत तेव्हा मला समजले की मी काय लिहून बसलो. आपले वडील काय काम करत, हे आपण एका अनोळखी बाईंना सहज लिहिलेत. मला तेवढे लिहायला बी.ए. व्हावे लागले. आमच्या घरात ही परीक्षा आजवर कुणी दिली नव्हती. आपण ताजा कलम लिहिला नसता तर मीही दिली नसती.

माझ्या वडिलांचा आग्रह आहे की ते म्हातारे नाहीत, हे स्पष्ट कळवावे. त्यांनी आपल्यासाठी सोबतचा लाल दोरा दिला आहे. त्यांच्या गजावरचा तो दोरा हाच. त्याला दोन गाठी आहेत, एक पावणेआठवर, एक सहावर. ते म्हणतात, हा साहेबांनी टेबलावर ठेवावा. पुढेही कुणाचे तरी वडील मोजतील.

आपला कृतज्ञ,
रावजी शिलेखानेवाले यांचा मुलगा
मार्तंड, बी.ए."